तीन जागांचा सोफा आणि ३३ हर्ट्झ: एका खोलीतल्या बासचा प्रकरण अभ्यास

खोली आयताकृती आहे. लांबी ५.२ मीटर, रुंदी ३.६ मीटर, उंची २.९ मीटर. भिंती विटांच्या, छत आणि जमीन काँक्रीटची. टीव्ही रुंदीच्या एका भिंतीवर आहे. तिला या लेखात पुढची भिंत म्हटले आहे. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना बुकशेल्फ स्पीकर, पुढच्या डाव्या कोपऱ्यात बंद कॅबिनेटचा १२ इंची सबवूफर (फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर, पुढे नुसता ‘सब’), आणि तीन जागांचा सोफा थेट मागच्या भिंतीला टेकवलेला. बसल्यावर कान मागच्या भिंतीपासून साधारण २५ सेंटीमीटरवर आणि जमिनीपासून १.०५ मीटरवर येतात.

तक्रारी तीन होत्या. पहिली, स्फोट असो, इंजिन असो की ऑर्गन, प्रत्येकाचा बास एकाच सुरात घुमतो आणि आवाज थांबल्यावरही रेंगाळतो. दुसरी, सोफ्याच्या मधल्या जागेवर बास गिटारचे काही सूर अक्षरशः गायब होतात आणि बाजूला सरकून बसले की तेच सूर अंगावर येतात. तिसरी, किक ड्रमला ठोका नाही, नुसता फुगीर धक्का आहे. सबचा आवाज कमी केला की घुमणे कमी होते, पण बाकीचा बासही जातो. रिसीव्हरचे (स्पीकरांना सिग्नल देणाऱ्या ॲम्प्लिफायरचे) स्वयंचलित कॅलिब्रेशन, म्हणजे माइकने मोजून त्याने स्वतः केलेली जुळणी, झालेले होते आणि त्याने पहिली तक्रार थोडी सौम्य झाली होती. दुसरी जशीच्या तशी होती.

दुसरी तक्रार इथे सगळ्यात बोलकी आहे. एकाच सोफ्यावर ९० सेंटीमीटर सरकल्याने बास बदलत असेल, तर दोष ना सबचा असतो ना ॲम्प्लिफायरचा. तो खोलीतल्या स्थिर लहरींचा, म्हणजे भिंतींमध्ये मागे-पुढे परावर्तित होऊन एका जागी ठाण मांडणाऱ्या लहरींचा असतो आणि तो दुरुस्त करण्याची पहिली जागा जमीन असते, रिसीव्हरचा मेनू नव्हे.

आधी कागद आणि पेन्सिल

आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर धरतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमधला पहिला मोड, म्हणजे स्थिर लहर तयार होणारी सर्वांत खालची वारंवारता, काढण्यासाठी त्याच्या निम्म्याला, म्हणजे १७१.५ ला, भिंतींमधल्या अंतराने भागायचे. या खोलीत लांबीचे मोड ३३, ६६ आणि ९९ हर्ट्झवर येतात, रुंदीचे ४७.६ आणि ९५.३ वर, उंचीचे ५९.१ आणि ११८ वर. दोन दिशांचे मिळून होणारे मोडही असतात. ३३ आणि ४७.६ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की ५७.९ हर्ट्झ मिळतात. तो उंचीच्या ५९.१ ला जवळजवळ चिकटलेला आहे, म्हणजे त्या पट्ट्यात दोन मोड एकावर एक बसले आहेत.

सुमारे १९० हर्ट्झच्या वर मोड इतके दाट होतात की त्यांचा एकेकटा विचार करण्यात अर्थ उरत नाही. ही सीमा काढण्याचे सूत्र भौतिकशास्त्रज्ञ श्रोडर यांच्या नावाने ओळखले जाते: निनादाचा काळ (आवाज ६० डेसिबल खाली यायला लागणारा वेळ) सेकंदांत घ्या, त्याला खोलीच्या घनफळाने भागा, वर्गमूळ काढा आणि २००० ने गुणा. इथे घनफळ ५४.३ घनमीटर आणि निनाद अर्ध्या सेकंदाच्या आसपास आहे. सबचे सगळे काम या सीमेच्या बरेच खाली चालते, म्हणून सबच्या बाबतीत खोली हाच वाद्याचा अर्धा भाग असतो.

आता खरा कामाचा नियम. भिंतीपाशी प्रत्येक मोडचा दाब सर्वाधिक असतो. पहिल्या मोडचा दाब दोन भिंतींच्या बरोबर मध्ये शून्य असतो. दुसऱ्या मोडचा दाब दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर शून्य असतो आणि मध्यावर पुन्हा सर्वाधिक. हा नियम कानाला लागू आहे तसाच सबलाही लागू आहे: जिथे मोडचा दाब शून्य, तिथे ठेवलेला सब तो मोड चेतवू शकत नाही, आणि तिथे बसलेल्या माणसाला तो मोड ऐकू येत नाही.

हा नियम हातात घेऊन तक्रारी पुन्हा वाचल्या की कारणे समोर येतात. सब कोपऱ्यात आहे, म्हणजे तो लांबी, रुंदी आणि उंचीचा एकूण एक मोड पूर्ण ताकदीने चेतवतो. कान मागच्या भिंतीला लागून आहेत, म्हणजे लांबीचे ३३ आणि ६६ हे दोन्ही मोड कमाल पातळीवर ऐकू येतात. मधली जागा रुंदीच्या बरोबर मध्यावर आहे, त्यामुळे ४७.६ चा मोड तिथे शून्य; बाजूच्या जागा भिंतींपासून ०.९ मीटरवर, म्हणजे पाव रुंदीवर, आणि तिथे तोच मोड ७० टक्के ताकदीने हजर. बास गिटारच्या ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा सूर ४९ हर्ट्झचा असतो. गायब होणारा सूर तो आणि त्याचा खालचा शेजारी.

माप

मोजमापासाठी कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला, माणूस सोफ्यावर नसताना. १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सलग सरकणारा सूर), पातळी ७५ ते ८० डेसिबल. रिसीव्हरमधले ईक्यू (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणारे फिल्टर), डायनॅमिक व्हॉल्यूम, लाउडनेस वगैरे सगळे बंद. सबच्या पाठीवरचा लो-पास (ठरावीक वारंवारतेच्या वरचे सूर अडवणारा) नॉब कमाल टोकाला किंवा एलएफई (हा फिल्टर वगळणाऱ्या) स्थितीत, नाहीतर रिसीव्हरचा आणि सबचा असे दोन फिल्टर एकामागून एक लागतात आणि क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे सब आणि मुख्य स्पीकर जिथे काम वाटून घेतात त्या वारंवारतेपाशी, फेजचा (लहरींच्या आवर्तनांच्या जुळणीचा) गोंधळ होतो. मुख्य स्पीकर ‘स्मॉल’वर (म्हणजे खालचा बास सबकडे वळवून), क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. ‘एलएफई अधिक मेन’ किंवा ‘डबल बास’ असा पर्याय चालू असेल तर तो बंद करावा. त्यात मुख्य स्पीकरही तोच बास वेगळ्या जागेवरून वाजवतात आणि कुठला खड्डा कोणामुळे पडला हे कळेनासे होते.

आलेखावर स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणे) जास्तीत जास्त १/२४ सप्तकाचे ठेवावे. १/३ सप्तकाच्या स्मूदिंगमध्ये हे सगळे प्रकरण एका सौम्य टेकडीसारखे दिसते आणि काही बिघडलेच नाही असा समज होतो. उभा अक्ष ५० ते १०० डेसिबल असावा. तो १५० डेसिबलपर्यंत ताणला की १० डेसिबलचा फुगवटाही किरकोळ वाटू लागतो. खोलीचे दार ऐकताना जसे असते तसेच मोजतानाही ठेवावे. दार उघडे-बंद केल्याने सर्वांत खालचा मोड ठळकपणे बदलतो.

लक्ष्य पातळी ७५ डेसिबल ठेवून पहिल्या मापात आलेले आकडे असे. ३३ हर्ट्झवर तिन्ही जागांवर ८७ ते ८८. ६६ वर ८३ ते ८४. ४८ वर डाव्या जागेवर ८१, उजव्या जागेवर ८०, मधल्या जागेवर ७२. बाजूच्या जागांवर ५८ च्या आसपास आणखी एक उंचवटा. ८० हर्ट्झवर सगळीकडे ६६ ते ६८ पर्यंत खड्डा. सर्वांत उंच आणि सर्वांत खोल बिंदूंमध्ये २२ डेसिबल अंतर. ३३ हर्ट्झचा निनाद ६० डेसिबल खाली यायला १.२ सेकंद घेत होता. पहिल्या तक्रारीतले रेंगाळणे ते हेच.

एक आडवाट इथे नोंदवायला हवी. ४८ हर्ट्झपाशी एक करकर ऐकू येत होती आणि ती सबची समजली जात होती. ती काचेच्या कपाटाच्या सरकत्या दाराची होती. संथ स्वीप लावून खोलीभर फिरले की अशा गोष्टी सापडतात, आणि फेल्टची पट्टी लावून त्या संपतात. हे काम मापाआधी करावे, कारण करकरीचा आवाज ऐकणाऱ्याला ‘विकृत बास’ वाटतो आणि तो चुकीच्या दिशेने शोधू लागतो.

एकटा सब हलवून का भागले नाही

प्रचलित उपाय म्हणजे सब क्रॉल. सब सोफ्यावर, कानाच्या जागी ठेवायचा, स्वीप किंवा बासचे सूर लावायचे आणि माइक घेऊन जमिनीलगत भिंतींच्या कडेने फिरायचे. जिथे आलेख सर्वांत सपाट, तिथे सब ठेवायचा. स्रोत आणि श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधला प्रतिसाद तोच राहतो, म्हणून ही पद्धत चालते. ती उत्तम पद्धत आहे, पण तिचे उत्तर त्या एकाच जागेपुरते असते. तीन जागांसाठी ती तीनदा करावी लागते आणि तीन उत्तरे बहुधा जुळत नाहीत.

या खोलीत तर ती लांबीच्या मोडपाशीच अडली. सब बाजूच्या भिंतीच्या मध्यावर, म्हणजे २.६ मीटरवर नेला की ३३ चा मोड जवळपास मरतो, पण ६६ चा मोड तिथे कमाल असतो. सब १.३ मीटरवर, पाव लांबीला नेला की ६६ जातो, पण ३३ फक्त ३ डेसिबलने उतरतो. कान भिंतीला चिकटलेले असेपर्यंत एका सबने दोन्ही सुटत नाहीत. शिवाय बाजूच्या भिंतीवरचा सब रुंदीचा ४७.६ पूर्ण ताकदीने चेतवतो, म्हणजे दुसरी तक्रार तिथल्या तिथे.

या टप्प्यावर बहुतेक लोक ईक्यूकडे वळतात. त्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. फुगवटा ईक्यूने कापता येतो, आणि तो कापल्याने सबवरचा भारही कमी होतो. खड्डा भरायला मात्र ताकद लागते: १५ डेसिबलचा खड्डा भरायचा तर त्या पट्ट्यात सुमारे ३२ पट पॉवर द्यावी लागते, आणि तो खड्डा शेजारच्या जागेवर नसल्याने शेजारच्या माणसाला ती सगळी भर फुगवटा म्हणून ऐकू येते. म्हणून सबची आणि सोफ्याची जागा ठरवताना खड्डे आणि जागांमधले फरक घालवण्याकडे पाहावे. सर्व जागांना समान असलेले फुगवटे खुशाल शिल्लक ठेवावेत. ते कापायला नंतर दोन मिनिटे लागतात.

सोफा १.०५ मीटर पुढे

रूम ईक्यू विझार्डमध्येच आयताकृती खोलीचे सिम्युलेटर आहे. जड वस्तू उचलण्याआधी त्यात सब आणि श्रोत्याची जागा सरकवून पाहता येते. विटा-काँक्रीटच्या साध्या आयताकृती खोलीत त्याचे अंदाज वारंवारतेच्या बाबतीत चांगले जुळतात. फुगवट्यांच्या उंचीच्या बाबतीत ते ढोबळ मानावेत. जिप्समच्या हलक्या भिंती असतील तर मोड खाली सरकतात आणि बोथट होतात, तिथे सिम्युलेटरपेक्षा माइकवर विश्वास ठेवावा.

सोफा इतका पुढे घेतला की कान मागच्या भिंतीपासून १.३ मीटरवर आले. हा आकडा चवीचा नाही, तो ५.२ चा बरोबर पाव आहे. तिथे ६६ चा मोड शून्य आणि ३३ चा मोड भिंतीपाशी होता त्यापेक्षा ३ डेसिबलने कमी. सोफ्याच्या पाठीमागे सुमारे एक मीटर मोकळी वाट राहिली. टीव्हीपासूनचे अंतर ३.९ मीटर झाले.

सब अजून त्याच कोपऱ्यात असताना घेतलेले माप: ३३ वर ८५, ६६ वर ७२. एक काडीचाही खर्च न करता ६६ चा फुगवटा १२ डेसिबलने गेला. ४८ वर डावी जागा ८० आणि मधली ७१. हे बदलण्याचे कारणच नव्हते, कारण सोफा लांबीत सरकला होता, रुंदीत नाही.

सोफा भिंतीपासून हलवणे हा घरात सर्वांत जास्त विरोध होणारा उपाय आहे आणि सर्वांत प्रभावीही. पूर्ण पाव लांबी शक्य नसेल तर ५०-६० सेंटीमीटरही उपयोगी पडतात. टाळायची जागा एकच: लांबीचा बरोबर मध्य. तिथे ३३ नाहीसा होतो, पण पोकळी इतकी मोठी पडते की खालचा बास हरवतो, आणि ६६ कमाल होतो.

दुसरा सब: समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर

ऑडिओ कंपनी हरमनमध्ये काम करताना टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोलीत सबची संख्या आणि जागा यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. त्यातून घरगुती खोल्यांसाठी आलेला एक निष्कर्ष आज सर्वमान्य आहे: समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यबिंदूंवर दोन सब ठेवले की जागांमधला फरक खूप कमी होतो. कारण वरच्याच नियमात आहे. पुढच्या आणि मागच्या भिंतीपाशी ३३ चा मोड एकमेकांच्या विरुद्ध चिन्हाचा असतो. दोन्हीकडून सारखाच धक्का दिला की तो चेतवलाच जात नाही. आणि दोन्ही सब रुंदीच्या मध्यावर असल्याने ४७.६ साठी ते शून्यावर बसलेले असतात. ५७.९ चा एकत्रित मोडही त्याच कारणाने गप्प होतो. उरतो ६६, आणि तो आधीच कानाच्या जागेने मिटला आहे. पाव लांबीवरची बैठक आणि दोन टोकांचे सब ही जोडी म्हणून इतकी चपखल आहे: लांबीच्या दिशेपुरते पाहिले तर १३२ हर्ट्झपर्यंत ना फुगवटा उरतो ना खड्डा.

दुसरा सब त्याच मॉडेलचा घेतला. बंद कॅबिनेट आणि पोर्ट (हवेची नळी) असलेले कॅबिनेट यांची जोडी लावू नये. पोर्टच्या ट्यूनिंगपाशी फेज झपाट्याने फिरतो, आणि नेमका तिथे दोघांचा मेळ तुटतो.

पुढचा सब टीव्हीच्या खाली बरोबर मध्यावर बसला. मागच्या भिंतीच्या मध्यावर मात्र दाराची चौकट येत होती, म्हणून मागचा सब ३५ सेंटीमीटर उजवीकडे सरकवावा लागला. याने किती बिघडते ते आधीच काढता येते. मध्यापासून ३५ सेंटीमीटरवर ४७.६ चा दाब कोपऱ्याच्या तुलनेत ३० टक्के असतो, म्हणजे १० डेसिबलने कमी, आणि तोही दोनपैकी एकाच सबचा. स्वीकारण्यासारखी तडजोड. हेच सरकणे ९० सेंटीमीटरचे असते तर दाब ७० टक्क्यांवर गेला असता आणि अर्धी मेहनत वाया गेली असती.

सारखी गेन, सारखा डिले

दोन सबची पातळी जुळवताना माइक सोफ्यावर ठेवून ‘दोन्ही ७५ डेसिबल’ असे करू नये. तिथे खोलीचा हिशेब मिसळलेला असतो आणि मागचा सब जवळ असल्याने तो उगाच खाली उतरवला जातो. मोड एकमेकांना खोडायचे तर दोन्ही सबनी सारखीच हवा हलवली पाहिजे. माइक दोन्ही सबच्या कोनच्या (हलणाऱ्या पडद्याच्या) मध्यापासून २ ते ३ सेंटीमीटरवर सारख्याच अंतराला धरून, एकेक सब वाजवून गेन (सबवरची पातळी) जुळवली. नंतर दोन्ही ६ डेसिबलने खाली आणले, म्हणजे दोघांचा मिळून सिग्नल आधीच्या एका सबइतका झाला आणि आलेखांची तुलना सरळ करता आली.

यानंतर रिसीव्हरच्या दोन सब आउटपुटना एकेक सब जोडून स्वयंचलित कॅलिब्रेशन चालवले, तेव्हा ३३ वर ८२ आले. दोन सब, योग्य जागा, आणि फुगवटा ८५ वरून जेमतेम ३ डेसिबल खाली. कारण मेनूत सापडले. रिसीव्हरने पुढचा सब ३.९ मीटरवर आणि मागचा १.३ मीटरवर मोजला आणि दोघांचा आवाज कानापाशी एकाच वेळी पोहोचावा म्हणून मागच्याला ७.६ मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे उशीर, दिला. ३३ हर्ट्झला ७.६ मिलिसेकंद म्हणजे पाव आवर्तन, ९० अंश. पाव आवर्तनाने मागे पडलेले दोन सारखे धक्के एकमेकांना खोडत नाहीत. दोन अर्ध्या धक्क्यांची बेरीज एका पूर्ण धक्क्याच्या ७० टक्के होते. मापात आलेले ३ डेसिबल ते हेच.

ही चूक फार घरांत दडलेली असते, कारण ती ‘योग्य कॅलिब्रेशन’च्या नावाखाली येते. उपाय सोपा आहे: दोन्ही सब एकाच आउटपुटवर वाय-केबलने (एकाचे दोन फाटे करणाऱ्या तारेने) जोडावेत, किंवा मेनूत दोघांचे अंतर हाताने सारखे टाकावे. पोलॅरिटी (कोन आधी पुढे की मागे) दोघांची सारखी, फेज नॉब दोघांचा शून्यावर. कानापाशी ७.६ मिलिसेकंदांच्या फरकाने बास पोहोचेल याची धास्ती बाळगू नये. ३३ हर्ट्झचे एकच आवर्तन ३० मिलिसेकंदांचे असते आणि तेवढ्या वेळात खोली दोन्ही सबना एक करून टाकते.

वाय-केबल लावून पुन्हा मोजले. ३३ वर तिन्ही जागांवर ७५ ते ७६. ४८ वर डावीकडे ७०, मध्ये ७१, उजवीकडे ७२. ज्या जागांमध्ये ९ डेसिबलचा फरक होता तिथे आता २ उरला. ३३ च्या मोडचा क्षय-दर मात्र बदलला नाही; तो भिंतींचा गुण आहे. बदलले ते एवढेच की सोफा आणि सब मिळून तो पहिल्या मापापेक्षा १२ डेसिबल कमी ऐकू येतो, आणि १.२ सेकंदांच्या निनादात १२ डेसिबल म्हणजे तो पाव सेकंद आधी ऐकू येईनासा होतो. रेंगाळणे संपल्याचे कानाला जाणवते ते यामुळे.

या मांडणीची किंमतही आहे. ३३ आणि ४७.६ हे दोन्ही मोड गप्प केल्यावर त्यांच्याकडून मिळणारी फुकटची साथही जाते. ४० ते ५० हर्ट्झमध्ये आलेख ५ डेसिबलने बसला. ज्यांचा एकच लहान सब आधीच धापा टाकतो आहे, त्यांनी ही मांडणी करताना हे गृहीत धरावे.

मुख्य स्पीकरांशी मेळ

८० हर्ट्झचा खड्डा खोलीचा नव्हता. फक्त मुख्य स्पीकर वाजवले तर तो नव्हता, फक्त सब वाजवले तरी नव्हता. एकत्र वाजवले की पडत होता. म्हणजे क्रॉसओव्हरपाशी दोघांची वेळ जुळत नव्हती. सबच्या आतल्या डीएसपीला (सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या चिपला) सिग्नल हाताळायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून टेपने मोजलेले अंतर इथे उपयोगी नाही.

मेनूत सबचे अंतर ३.९ मीटरपासून ३० सेंटीमीटरच्या पायऱ्यांनी वाढवत प्रत्येक वेळी मधल्या जागेवर स्वीप घेतला. अंतर वाढवले की रिसीव्हर सबला दूरचा समजून बाकीच्या स्पीकरांना थांबवतो. सुमारे ५.६ मीटरला ८० हर्ट्झची पातळी ६७ वरून ७५ वर आली आणि ७० ते ९० चा पूर्ण पट्टा भरला. वाढ १.७ मीटर, म्हणजे ५ मिलिसेकंद. आणखी ४.३ मीटर वाढवले असते तर ८० हर्ट्झचे एक पूर्ण आवर्तन उलटून पातळी पुन्हा तेवढीच आली असती. तसे दोन पर्याय दिसले तर लहान आकडा घ्यावा, नाहीतर किक ड्रमचा धक्का आधी आणि कातडी मागून ऐकू येते.

मागचा सब कानापासून सव्वा मीटरवर असल्याने तो ‘मागून’ ऐकू येण्याचा धोका असतो. ८० हर्ट्झला २४ डेसिबल प्रति सप्तक उताराचा क्रॉसओव्हर असेल तर सहसा येत नाही. क्रॉसओव्हर १०० किंवा १२० वर नेला की दिशा कळू लागते.

ईक्यू, आणि फक्त दोन फिल्टर

आता शिल्लक राहिला होता ५९ हर्ट्झवर ८१ डेसिबलचा फुगवटा: जमीन आणि छत यांच्यातला मोड. दोन्ही सब जमिनीवर आहेत, तिघांचेही कान एकाच उंचीवर आहेत, म्हणून तो तिन्ही जागांवर एकसारखा होता. ईक्यूसाठी याहून चांगला उमेदवार नसतो. ५९ हर्ट्झ, उणे ६ डेसिबल, क्यू ८ (क्यू जितका मोठा तितका फिल्टर अरुंद). दुसरा फिल्टर ४४ हर्ट्झ, अधिक ३ डेसिबल, क्यू १.४. भर घालू नये या नियमाला हा अपवाद चालतो, कारण उतार रुंद आहे, उथळ आहे आणि तिन्ही जागांवर आहे. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट पॉवर, आणि ती दोन सबमध्ये वाटली जाते. दोन्ही फिल्टर दोन्ही सबना सारखेच लावले.

अरुंद फिल्टरबाबत एक सावधगिरी. ३० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर होतो आणि सगळे मोड जवळपास २ टक्के वर सरकतात, ५९.१ चा ६०.१ होतो. क्यू २० चा सुईसारखा फिल्टर थंडीत मोजून बसवला तर उन्हाळ्यात तो मोडच्या शेजारी खड्डा पाडतो. क्यू ८ ही सरक पोटात घेतो.

शेवटच्या मापात २५ ते ११० हर्ट्झचा पट्टा मधल्या जागेवर अधिक-उणे ४ डेसिबलमध्ये आणि बाजूच्या जागांवर अधिक-उणे ५ मध्ये बसला. बास थोडा भरलेला आवडत असेल तर १०० हर्ट्झपासून ३० हर्ट्झपर्यंत ४ ते ६ डेसिबलची सलग चढण द्यावी. एखादाच पट्टा उचलू नये.

शोषक का लावले नाहीत

फोमचे तुकडे कोपऱ्यात चिकटवण्याचा विचार होता. ३३ हर्ट्झच्या लहरीची पाव लांबी २.६ मीटर आहे आणि ५९ ची १.४५ मीटर. भिंतीपाशी हवेचा वेग शून्य असतो, आणि सच्छिद्र शोषक वेगावरच काम करतो, म्हणून ५-१० सेंटीमीटर फोम या वारंवारतांना दिसतही नाही. तो फक्त वरचा आवाज गिळतो आणि खोली मंद करून बास अधिकच जड भासवतो.

काम करेल तो पडद्याचा ट्यून केलेला शोषक. त्याची वारंवारता ढोबळमानाने ६० भागिले वर्गमूळ. वर्गमूळात पडद्याचे दर चौरस मीटर वजन किलोमध्ये गुणिले मागच्या पोकळीची खोली मीटरमध्ये. ५९ हर्ट्झसाठी १२ मिलिमीटर प्लायवूड, चौरस मीटरला साधारण ७.२ किलो, आणि मागे १४ ते १५ सेंटीमीटर हवाबंद पोकळी, आत पडद्याला न टेकणारी खनिज लोकर. फट राहिली की तो नुसता खोका होतो. परिणाम दिसायला असे काही चौरस मीटर छतालाच लावावे लागले असते, कारण उंचीच्या मोडचा दाब तिथे आणि जमिनीवर असतो. एका फिल्टरने भागत असताना ते करण्याजोगे नव्हते. निनाद आणखी आखडायचा असेल तर पुढचे काम हेच आहे.

उजव्या जागेवर ९२ हर्ट्झला ५ डेसिबलचा अरुंद खड्डा राहिला आहे. मागचा सब ४० सेंटीमीटर इकडे-तिकडे हलवला की तो हलतो, पण डावीकडे उगवतो, आणि ४८ चा फरक पुन्हा वाढू लागतो. म्हणून सब आहे तिथेच ठेवून त्याच्या पायांच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीने करून ठेवल्या. साफसफाईत मागचा सब भिंतीलगत सरकला, तर तो परत कुठे आणायचा हे त्यावरून कळते.